गांधीलमाश्यांची खोली

गांधीलमाशीला कोण भीत नाही हो? पण पारोळ्याकडच्या निंबाची भीती साधी नव्हती. शहाऐंशी साली त्याच्या बायकोला, भागाबाईला, एकच माशी चावली, तर गळा सुजून श्वासच कोंडला. धुळ्याच्या डॉक्टरांनी वाचवली खरी, पण बजावलं, "पुन्हा चावली तर इथवर पोचायचीसुद्धा नाही."

आणि पुढच्याच उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या सऱ्याला, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी तुळईला, गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. निंबाच्या तोंडचं पाणी पळालं. पोळं जाळावं तर माश्या चवताळून घरभर उठायच्या, म्हणून त्यानं भागाची खाट उचलली आणि पुढच्या खोलीत टाकली.

"ऱ्हाऊ द्या ना, मन्ही सवयनी जागा शे," ती म्हणाली.

"गप. तठे मरन लटकेल शे."

पुढच्या खोलीच्या सऱ्याला उधई लागलेली. उधई म्हणजे वाळवी. बिचारी ना भणभणते ना चावते. भिंतीवरून सऱ्यापर्यंत मातीची बारीक रेघ चढायची, निंबा शेणामातीनं सारवून मोकळा व्हायचा. भागा एकदा म्हणाली, "सरा ठोकी देखा बरं." तो हसला. "उधईघाई मानूस मरस का कधी?"

वैशाखात धाब्यावर खारी टाकतात. पावसाच्या आधी मातीच्या छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर पायानं तुडवून बसवायचा. निंबानं यंदा बायको खाली निजते म्हणून जास्तच टाकली. थेंबभर पाणी तिच्यावर गळू नये, एवढंच त्याच्या मनात. दुपारी ती खाली पडली होती, तो वर तुडवत होता.

"माती पडस का अंगवर?" त्यानं वरून विचारलं.

"नही. तुडवा तुम्ही."

सरा मोडला. निंबा मातीसकट खाली आला आणि मेल्याला खरचटलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी माती उपसली, तेव्हा आधी सऱ्याचा तुकडा हाती आला. वरून गुळगुळीत, आत नुसता भुसा. त्याच्याखाली भागा होती.

तिसऱ्या दिवशी शेजारचा तोताराम टेंभा पेटवून आला. "भाऊ, ते पोळं जाळी टाकू. त्यास्नामुळेच वहिनीले तठून हलाडं ना तू."

निंबानं टेंभा त्याच्या हातातून घेतला आणि पाण्याच्या घंगाळात विझवला. मग तो तिथंच खाली बसला, आणि इतके दिवस न आलेलं रडू त्याला आवरेना.

"त्यास्ना काय गुन्हा रे?" तो म्हणाला. "त्या तं भणभण करी सांगत व्हत्यात. ती सरा ठोक म्हने, मी हसनू. मीच खाट उचली, मीच माती तुडवी. त्या माश्यास्ना खाले ऱ्हाती ना, तं मन्ही भागा आज जित्ती ऱ्हाती."