एव्हनवरचे मुक्काम

"ग्लॉस्टरपर्यंत नको," असं म्हणत क्लिफर्डने नकाशावरचं शेवटचं बटण बोटाने मागे ओढलं आणि ट्यूक्सबरीवर आणून ठेवलं. "एव्हन नदी संपली की आपण संपलो. पुढची सेव्हर्न म्हणजे खवळणारं पाणी."

ग्लेंडाने बटण पुन्हा खाली सरकवलं. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईखात्यात परक्यांच्या चादरी वाफेत घातलेल्या बाईला आता कुठे थोडं लांब जावंसं वाटत होतं. क्लिफर्ड गॅसचे मीटर बघत दारोदार हिंडलेला. त्याला हिंडण्याचं कौतुक नव्हतं, सुखरूप परतण्याचं होतं. निवृत्तीनंतर नवरा-बायकोचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: सप्टेंबरात भाड्याची नॅरोबोट, राहण्याझोपण्याची सोय असलेली लांबट अरुंद होडी, घ्यायची, दिवसभर रमतगमत जायचं, संध्याकाळी एखाद्या गावाशी काठाला बांधायची आणि पाण्यावर झोपायचं. सगळा जानेवारी नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेला होता. जिथे मुक्काम, तिथे शिवणाच्या डब्यातलं एक बटण. शेवटचं बटण मात्र रोज वरखाली व्हायचं. शेवटी क्लिफर्डचंच खरं झालं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो चहाचं आधण ठेवायला उठला आणि तिथेच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

होडीचा बेत सोडून दे, असं त्याची बहीण आयरीन म्हणाली. ग्लेंडा म्हणाली, एकटी जाईन. मग आयरीन मुकाट्याने बॅग भरून आली. नणंदेने सुकाणू धरायचं आणि भावजयीने काठावर उतरून लॉकचे, म्हणजे पाणी चढवून-उतरवून होडी पुढे नेणाऱ्या हौदांचे, दरवाजे उघडायचे, असं ठरलं.

पहिल्याच लॉकवर दरवाजे उघडे होते. हौद काठोकाठ भरलेला, होडीने सरळ आत शिरावं असा. आयरीन म्हणाली की कोणीतरी बेशिस्त माणूस उघडे टाकून गेला. पुढचंही लॉक तसंच. त्याच्या पुढचंही. पुढे एकही होडी दिसत नव्हती. धुकं होतं, आणि धुक्यात ते मोठे लाकडी दरवाजे हात पसरल्यासारखे उभे होते.

बिडफर्डला काठावरच्या पबची बाई हिरवळ उतरून खाली आली.

"त्या झाडाखालची जागा तुमच्यासाठीच ठेवलीय," ती म्हणाली. "तुमचे मिस्टर दुपारी सांगून गेले."

ग्लेंडा म्हणाली की दुसऱ्या कोणाचे तरी असतील. पण बाईने होडीचं नाव बरोबर सांगितलं. भला माणूस वाटला, म्हणाली. दार सताड उघडं असूनही चौकटीवर टकटक करून आत आला आणि बोलताना सारखा जिन्याखाली बघत होता. जुन्या घरांत गॅसचा मीटर जिन्याखालीच असतो. आयरीनच्या हातातला दोर गळून पडला.

ग्लेंडाने एवढंच विचारलं, "त्याला काही खायला दिलंत का?"

"विचारलं मी. म्हणाले, थांबायला वेळ नाही, पुढे जायचंय."

इव्हशमला तेच झालं, पर्शोरलाही. प्रत्येक ठिकाणी जागा राखलेली, माणूस नुकताच गेलेला. आयरीनला बस पकडून घरी जायचं होतं. ग्लेंडा मात्र क्लिफर्ड गेल्यापासून प्रथमच पोटभर जेवताना तिला दिसली. केस विंचरलेले, गाल तापल्यासारखे लाल. आता ती उजाडायच्या आत दोर सोडायची. वाटेतल्या बदकांकडे, गावांकडे तिचं लक्षच नसायचं. सुकाणूपाशी आयरीनच्या शेजारी येऊन इंजिनाचा वेग वाढवायची आणि काठाची माती ढासळेपर्यंत लाट उठायची.

"अगं, आपण आरामात जायचं ठरवलं होतं," आयरीन म्हणाली. "तू तर पाठलाग करतेयस."

"कुठेही जायचं झालं तरी तो माझ्या पुढे चालायचा. सगळा जन्म मी त्याची पाठच बघितली, आयरीन. एकदा गाठू दे."

"गाठून काय करशील?"

ग्लेंडाने वेग आणखी वाढवला. आयरीनला उत्तर कळलं.

ट्यूक्सबरीच्या लॉकपलीकडे सेव्हर्न तांबडी होऊन वाहत होती. वेल्सच्या डोंगरांत पाऊस झाला होता. मुळांसकट झाडं वाहत चालली होती. लॉकवर राखणदार होता, वयस्कर, सावकाश बोलणारा. ग्लेंडाने त्याला आत्ताच्या आत्ता खाली सोडायला सांगितलं. आयरीनने दोर खांबाला गुंडाळून दोन्ही हातांनी धरून ठेवला.

राखणदार जागचा हलला नाही.

"तुमचे मिस्टर मघाशी गेले," तो म्हणाला. "होडी नव्हती, चालत होते. मी म्हटलं, अहो, पायवाट पाण्याखाली आहे. म्हणाले, मला चालेल. म्हणाले, मागून माझी बायको येईल, हट्टी आहे, पण तिला खाली सोडू नका."

इंजिन धडधडत राहिलं. ग्लेंडाने तांबड्या पाण्याकडे बघितलं.

"मागे वळून बघितलं त्याने?"

"नाही बाई. सरळ गेले."

तिने वाकून इंजिन बंद केलं. आयरीनला वाटलं, आता ही रडेल. पण ग्लेंडाने होडी काठाला बांधली, बटाटे उकडले, दोघींना वाढलं आणि स्वतःच्या ताटातलं अर्धं टाकून दिलं. तो पाण्यात उतरला तेव्हा अंगात कोट होता का, एवढंच ती झोपताना म्हणाली. ते राखणदाराला विचारायचं राहिलं होतं.

सकाळी त्यांनी होडी वळवली आणि आल्या वाटेने नदीच्या वर निघाल्या. पहिल्याच लॉकचे दरवाजे घट्ट मिटलेले होते. त्यांच्या फटीत विलोच्या झाडाची पिवळी पानं साचली होती; बऱ्याच वेळात इथे कोणाचा हात लागलेला नव्हता. आयरीनने मी येऊ का म्हणून विचारलं. ग्लेंडाने हातानेच नको म्हटलं.

हौदातलं पाणी समपातळीला यायला पुष्कळ वेळ लागला. मग दरवाज्याच्या लांब तुळईला पाठ लावून तिने टाचा मातीत रोवल्या. आधी काहीच हललं नाही. सुकाणूपाशी उभ्या आयरीनला धुक्यात तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती निळी शाल दिसत होती. मग लाकूड करकरलं, आणि ती शाल एकेक पाऊल मागे मागे सरकू लागली.