खाऱ्या विहिरीचा निवाडा

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. भाईंदरच्या खाडीकाठी, मिठागराच्या कडेला, गावच्या एकुलत्या गोड्या विहिरीवर सुताराने मला बसवले. बायका दोर ओढताना गाणी म्हणत, माझे कौतुक करत. त्याच विहिरीच्या कट्ट्यावर गावचे पंच बसत. आरोप, निवाडा, शिक्षा हे शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकलो.

१९३८ साली चांगुणाचा नवरा होडीसकट बुडाला. सुतकात घरच्या बाईने विहिरीला हात लावायचा नाही, शेजारणींनी पाणी भरून द्यायचे, अशी रीत होती. शेजारणी एकदा आल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. लेक सोनी तापाने फणफणली होती. शेवटी चांगुणाने स्वतः येऊन एक कळशी ओढली.

त्याच आठवड्यात पाणी मचूळ लागले. मुख्य पंच बाळाराम पाटलाने नव्या मिठागरासाठी खाडीच्या खाऱ्या पाण्याचा चर विहिरीला खेटून नेला होता, हे सगळ्यांना दिसत होते. पण पाटलाला बोलणार कोण? सगळ्यांनी चांगुणाकडे बोट दाखवले. मोठ्याला म्हणायची हिंमत नसते ते दुबळ्याला म्हणायचे, यालाच आरोप म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

"सुतकात पानी काढलंस का न्हाय?" बाळारामने विचारले.

"काढलं, पाटील. पोर तापलीय, कोनी पानी दिलं न्हाय."

"म्हंजे कबूल हाय. आजपासून ही विहीर तुला बंद."

झाला निवाडा! पाटलाला पानाला चुना लावायला याहून जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणा लांबच्या वरसावे गावाच्या वाटेने पाण्याला गेली. भरली कळशी घेऊन दुपारी परतली, तेव्हा सोनी गेली होती. मग मात्र शेजारणी धावत आल्या. पोरीच्या शेवटच्या आंघोळीसाठी त्यांनी माझ्यावरूनच पाणी ओढले. मेलेल्यांना विहीर बंद नव्हती. मी आयुष्यभर आनंदाने फिरलो, त्या दिवशी मला माझीच शिसारी आली.

चांगुणा गाव सोडून गेली. पाणी आणखी खारट झाले.

"जाताना शाप दिलाय तिनं," बाळाराम म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे दुसरीकडे विहीर खणली गेली. मला इथेच टाकून दिले. आता वाळवी मला खाते आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी केले नाही तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कट्ट्यावर बसाल, कुणाचा तरी न्याय कराल. समोरचा माणूस तहानलेला असेल, तर आधी त्याला पाणी द्या.