दाजींचा ट्रान्सफॉर्मर

"नंदूभाऊ, आतमधी काहीतरी खडखड करून राहिलं. जरा देखा ना," म्हणत जसोंडीच्या भिकन मंडपवाल्याने ॲम्प्लिफायर ओट्यावर टेकवला. दुकान बंद होतं, म्हणून तो थेट राजपुऱ्यात घरीच आला होता.

नंदकुमारांना बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी, हृदयाच्या ऑपरेशननंतर ॲम्प्लिफायर बनवायचं त्यांचं दुकान मेहुण्याच्या, ललितच्या हाती गेलं होतं. तरी ॲम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर अजून तेच घरी बसून गुंडाळत. तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून. "दाजींच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय आपला आवाज भरत नाही," असं म्हणत ललित तयार माल घेऊन जायचा.

त्यांनी झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट ढिला झाला होता, एवढंच. तो आवळता आवळता त्यांचा हात थांबला. ट्रान्सफॉर्मरच्या तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. टोकं कापून, टेप गुंडाळून खाली दडपली होती. पलीकडे तळहाताएवढा तयार बोर्ड होता. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा, फारसा न तापणारा. सगळा आवाज तोच काढत होता. जुन्या बनावटीत निम्म्याहून अधिक वीज नुसती तापण्यात जाते, हे नंदकुमारांना ठाऊक होतं. 'नवं शिकून घे,' असं ललितला त्यांनीच सांगितलं होतं.

त्यांनी ललितला फोन लावला. "बोर्ड ठीक आहे. पण माझा ट्रान्सफॉर्मर कशाला बसवलास?"

"वजनासाठी, दाजी. गिऱ्हाईक पहले उचलून बघतं. हलका लागला तर म्हणतं, नकली आहे." मग आवाज खाली आणून, "अन् ताई म्हणली, वाइंडिंग बंद झालं तर दाजी खाट धरतील."

त्यांची बायको निर्मला दारातच उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही रमत होता त्यात..."

"दोन वर्षं मी धोंडे घडवत होतो, निर्मला. आणि तू मला चष्मा पुसून देत होतीस."

त्यांनी उरलेले बोल्ट काढले, ट्रान्सफॉर्मर बाहेर घेतला, झाकण लावलं. भिकनने ॲम्प्लिफायर उचलला आणि चमकला. "हलका कसा झाला, भाऊ? काही काढलं काय?"

"काढलं. माझंच होतं. वाजवून बघ."

घरातला जुना स्पीकर जोडून भिकनने माईकवर 'हॅलो, हॅलो' केलं. आवाज खणखणीत निघाला. नंदकुमारांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं, मग आणखी एकदा. डोळे मिटून, कान देऊन ते कुठेतरी काही कमी पडतंय का ते शोधत राहिले.

"चांगला वाजतो," ते अखेर म्हणाले. "ने."