बॉक्सवुडला तिघांचं पाणी

आमच्या केस कापायच्या दुकानाच्या दाराशी, भिंतीला लागून, एका मोठ्या कुंडीत बॉक्सवुडचं झुडूप आहे. दुकान उघडलं त्या दिवशी यांनी लावलेलं. बारीक पानांचं, बारमाही हिरवं, आणि वाढायला इतकं आळशी की एकतीस वर्षांत जेमतेम माझ्या कमरेला लागलं. हे त्याला गोल कापतात, तेही ढगाळ दिवस बघून, कारण ताजी कापलेली पानं उन्हाने करपतात. माझे केस मात्र कधीही कापतात.

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पुढे दोन महिने जिना उतरायचा नव्हता, म्हणजे वर घरातच बसून राहायचं. दुकान मुलाने आणि सुनेने सांभाळायला घेतलं. आदल्या दिवशी यांनी मला जवळ बोलावलं. "झाडाला पाणी तूच घाल. बाकीच्यांवर माझा भरवसा नाही. आणि कोणाला सांगू नकोस, उगाच वाईट वाटेल."

खोटं कशाला बोलू, मी हरखले. इतक्या वर्षांत यांनी मला त्या झाडाला हात लावू दिला नव्हता. मग मी तरी हात आखडता कशाला घेऊ? एक दिवसाआड झारीभर पाणी, सकाळी सगळे उठायच्या आत.

दीड महिन्यात पानं पिवळी पडली, मग तांबूस. मी पाणी वाढवलं. सून म्हणाली, "आई, हे गेलंच आता. प्लॅस्टिकचं आणू, हुबेहूब मिळतं." हे यांच्या कानावर गेलं आणि यांनी जेवणच टाकलं. "झाड गेलं तर मी दुकानात पाऊल टाकणार नाही," म्हणाले. यांचा हट्ट मला पाठ आहे. कात्रीशिवाय हा माणूस घरात नुसता बसून झुरला असता. माझा जीव टांगणीला लागला.

दोन महिने भरले त्या दिवशी हे मुलाच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे," म्हणाले. मुलाने कुंडी तिरकी करून खालच्या भोकातला गाळ काढला, तर एवढं पाणी आलं की दारातलं गिऱ्हाईक उडी मारून मागे सरलं.

"पाणी कोण घालतंय याला?"

मीच म्हटलं, "मी. तुम्हीच सांगितलंत."

"मलापण सांगितलं होतं, बाबांनी," सून म्हणाली. "बाकीच्यांवर भरवसा नाही म्हणाले."

मुलाने मान खाली घातली. "मी रोज घालतो. दुकान बंद करताना."

"एक विसरला तर दुसरा असावा म्हणून..." हे पुटपुटले. मुलगा आणि सून हसत सुटले. मला हसू आलं नाही. माझा एकटीचा भरवसा यांनी तिघांत वाटला होता! दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले.

यांनी काळी पडलेली मुळं कात्रीने छाटली, झाड भरड वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावलं, आणि झारी स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली. रोज खुर्चीवर बसून मेलेली पानं कंगव्याने विंचरायचे.

महिना-सव्वा महिना गेला. एका सकाळी यांनी मला हाक मारली. गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवतात तो हातातला आरसा यांनी भिंत आणि झाडाच्या मधे धरला होता. "मागून बघ. चालेल ना?"

आरशात, भिंतीकडच्या फांदीवर, पोपटी पानांचे चार-पाच शेंडे दिसले. माझे डोळे भरून आले.

"आज पाणी कोण घालणार?" सुनेने मिश्कीलपणे विचारलं.

यांनी झारी काढून माझ्या हातात दिली. "ही घालेल. बाकीच्यांवर माझा भरवसा नाही." या वेळी मोठ्याने, मुलासुनेसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर.

मी मातीत बोट खुपसलं. आत अजून ओल होती. मी झारी खाली ठेवली.