तळहातावरचा बजर

मित्रांनो, मी फूड कोर्टातल्या बर्गरच्या दुकानाचा एक जुना बजर आहे. पडद्यावर बोटे टेकवून तुम्ही बर्गर मागवता, मग गल्ल्यावरून एक वाटोळी चकती हाती मिळते ना, तीच मी. बर्गर तयार झाला की मी थरथरतो आणि तुम्ही उठून तो घेऊन जाता. स्वस्थ बसणे आमच्या जातीला ठाऊकच नाही. आता थरथरायचे की मग, या विचाराने जीव सदा टांगणीला लागलेला असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी ऐट काही औरच होती. मी टेबलभर नाचत सुटायचो आणि मुले टाळ्या पिटायची. पुढे कुणी मला आपटले, कुणी सॉसमध्ये बुडवले, दात येणाऱ्या एका बाळाने तर मनसोक्त चघळले. अंगावरचे लुकलुकणारे दिवे गेले, अंगातला जोर ओसरला.

"ताई, हा टाकूनच द्या," आज बर्गरवाला गल्ल्यावरच्या ताईंना म्हणाला. "लोक बसून राहतात आणि बर्गर गार झाला म्हणून माझ्यावर डाफरतात."

"गर्दी तर ओसरू दे, मग टाकते," म्हणत ताईंनी मला समोरच्या मुलीच्या हाती दिले.

मुलगी दहा-अकरा वर्षांची. तिला ऐकू येत नाही. सगळीकडे तिच्या वतीने आईच बोलते. पण आज तिने आईचा हात बाजूला सारून पडद्यावर स्वतः बर्गर निवडला, वर 'कांदा नको' हेही दाबले.

"अगं, आणायला मी जाते ना पटकन," आई बोलली आणि हातांनी खुणाही केल्या. मुलीने ठामपणे नकारार्थी मान हलवली. मी धास्तावलो. मी थरथरलोच नाही, तर आई उठणार आणि पोरीच्या उत्साहावर पाणी पडणार.

वेळ आली. होता नव्हता तेवढा जोर मी लावला. टेबलावर असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता, पण तिने मला तळहातात घट्ट धरले होते. ती ताडकन उठली.

गल्ल्यापाशी तिने पाव उचलून पाहिला, तर आत कांदा. लांबून आई अर्धी उठली. मुलीने मागे वळून न बघता बर्गरवाल्याला आधी कांदा दाखवला, मग पावतीवरची ओळ.

बर्गरवाला ओशाळला. "चुकलं माझं, दुसरा करतो," म्हणत त्याने तो बर्गर मागे घेतला. ताईंनी नवाकोरा बजर पुढे केला. मुलीने तो परत सारला आणि मलाच उचलले. मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, सॉसात टाकू नका. हातात धरलेत तर आमचा थोडासा जोरही पुरतो. आणि ज्याला स्वतः उठायचे आहे, त्याच्याआधी तुम्ही उठू नका.

दुसरा बर्गर अजून तव्यावर आहे. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला आहे. समोर आईचीही तीच गत दिसते, पण ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आहे.