थोरलीचा नमुना

थोरली डुकरिणीच्या कानाच्या मुळाशी क्लेमेंटने हात ठेवला आणि चटका बसावा तसा तो मागे घेतला.

"भाजते," तो म्हणाला.

"सकालपासून मी काय येगलं सांगते?" त्याची बायको प्रिस्का कुंपणाला टेकून उभी होती. "पिल्लं लुचून लुचून दमली, दूध उतरतच नाय. डॉक्टरला टोचू द्या. तुमचा हात लावून ताप उतरनार हाय काय?"

नालासोपाऱ्याहून आलेले डॉक्टर जितेश वयाने तरुण होते. त्यांनी डुकरिणीची आचळे चाचपली, थर्मामीटर पुसला आणि पेटी उघडली.

"अंकल, पिल्लं झाल्यानंतरचा ताप आहे हा. आचळं दगडासारखी झालीयेत. अँटिबायोटिक आत्ता दिलं तर बहुतेक वाचेल."

"उद्या सकालपरेंत थांबलं तर?"

"कशासाठी थांबायचं?"

"उद्या स्वप्नाबाय येनार, नमुना न्यायला. तवर अवशद द्यायचं नाय, असं ठरलंय आमचं."

डॉक्टरांनी प्रिस्काकडे पाहिले. प्रिस्काने मान दुसरीकडे वळवली. "मी थांबा म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण जनावर तुमचं आहे. विचार बदलला तर फोन करा. कितीही वाजता." पेटी मिटून ते गेले.

गास गावातील त्या आळीत एके काळी प्रत्येक घरामागे डुकरे होती. लग्न ठरले की मांडवाच्या आधी इंदयालाच्या आंबट-तिखट कालवणासाठी डुक्कर ठरत असे. पुढे शेते बिल्डरांकडे गेली, घरामागे चाळी उभ्या राहिल्या आणि डुकरे एकट्या क्लेमेंटकडे उरली. तो वसईच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आयुष्यभर खोकी बांधत होता. नोकरी संपली; डुकरे मात्र त्याने सोडली नाहीत. मुंबईला दिलेली मुलगी शर्ली प्रत्येक भेटीत म्हणे, "डॅडी, आता बास ना. माझ्या सासरची माणसं येतात तेव्हा मला मागचं दार लावून घ्यावं लागतं."  ती माणसे आली की दार तो स्वतःच्या हाताने लावून घेई.

अशा त्या माणसाकडे गेल्या वर्षी स्वप्ना आली. ती विरारला राहणारी, जनावरांच्या खाद्यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी होती. मोठ्या फार्मवरची पिल्ले आईचे दूध सुटले की हगवणीने मरतात, म्हणून त्यांच्या खाद्यात औषधे घालावी लागतात. क्लेमेंटची काळी गावठी पिल्ले मात्र कोंडा आणि पेज खाऊन टुणटुणीत राहतात. हे असे का, याचा ती शोध घेत होती. कारण थोरलीच्या पोटात असावे, असा तिचा कयास होता. ती हातमोजे घालून थोरलीची ताजी विष्ठा डबीत घेई आणि बर्फाच्या पेटीत ठेवून नेई.

एकदा ती धावतच आली होती. "काका, सापडला! एक जिवाणू सापडलाय. त्याला आम्ही आम्लात ठेवलं, पित्तात ठेवलं, तरी जगला. वाईट जिवाणूंना तो वाढू देत नाही. हा खाद्यात घालता आला ना, तर पिल्लांना औषधं लागणारच नाहीत!"

"माझ्या डुकराच्या पोटातला?"

"तुमच्याच. पण एकदा सापडून चालत नाही. थोरली व्याली की परत नमुना घ्यायचा. तो तिच्यात टिकून आहे हे दिसायला हवं. तोवर तिला काही औषध नका देऊ हं काका. औषधाने चांगले जिवाणूपण मरतात."

"नाय देनार," क्लेमेंट म्हणाला होता. "शब्द हाय माजा."

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्याने ही वार्ता चर्चच्या आवारात सांगितली. सगळे हसले. शेजारचा फेबियन, ज्याने आपली वाडी विकून चाळ बांधली होती, तो म्हणाला, "म्हंजे क्लेमेंट, आता तुज्या डुकराची घान बाटलीत भरून इकनार? आमाला पयली बाटली फुकट दे बाबा!" क्लेमेंटही हसला. परंतु घरी येताना त्याची मान ताठ होती, हे प्रिस्काने पाहिले होते.

डॉक्टर गेल्यावर क्लेमेंटने स्वप्नाला फोन लावला. घंटा वाजून थांबली. पुन्हा लावावा असे त्याच्या मनात आले. परंतु कामात असलेल्या शिकलेल्या मुलीला वारंवार फोन करणे त्याला असभ्यपणाचे वाटले. ती पाहील आणि करील, असे म्हणून त्याने मोबाइल खिशात ठेवला. फोन आला नाही.

त्याने थोरलीच्या अंगावर ओली गोणपाटे घातली. आचळांना कोमट पाण्याचा शेक दिला. ती मधूनच डोळे उघडून त्याच्याकडे बघे आणि पुन्हा मिटून घेई.

"तिला शब्द कललाय काय तुमचा?" प्रिस्का म्हणाली. "ती बाय तरी सांगेल काय, मरू द्या म्हनून?"

"एका दिसाचा तर सवाल हाय. थोरली धड हाय, काढील."

"आनि नाय काढलं तर?"

क्लेमेंटने गोणपाटांवर पुन्हा पाणी शिंपडले. शब्द हे एक कारण होते. दुसरे कारण त्याने स्वतःपाशीदेखील मान्य केले नव्हते. आयुष्यात प्रथमच कोणा सुशिक्षित माणसाने त्याच्या दाराशी येऊन, तुमच्याकडे आहे ते दुसरीकडे नाही, असे म्हटले होते. ते एका सुईने नाहीसे होईल, या भयाने त्याचा हात धरला होता.

उजाडता उजाडता थोरली गेली. पिल्ले तिच्या थंड पोटाशी तोंडे खुपसून पडली होती.

स्वप्ना ठरल्याप्रमाणे सकाळी रिक्षाने आली. बर्फाची पेटी हातात घेऊन ती हसत मागच्या दाराने आत शिरली आणि तिथेच थबकली. प्रिस्काने तिला सर्व सांगितले.

"काका, मी असं नव्हतं म्हटलं..." स्वप्ना म्हणाली. "ती आजारी पडली तरी देऊ नका, असं मी... नमुना काय, दुसरा घेतला असता. उशिरा घेतला असता. तुम्ही फोन का नाही केलात?"

"केला."

"तो? मोबाइल लॅबच्या बाहेर ठेवावा लागतो. संध्याकाळी मिस्ड कॉल बघितला. मला वाटलं, नेहमीसारखं 'येतेस ना बाय' विचारायला असेल." ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

"तू बोललीस ते मी आयकलं," क्लेमेंट म्हणाला. "किती आयकायचं, ते माजं मला कललं नाय. तुजी चूक नाय त्यात." त्याने थोरलीच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या. मग त्याने विचारले, "आता घेतलेलं चालंल काय? का गेलं ते पन?"

स्वप्नाने डोळे पुसले. "चालेल. फार वेळ नाही झालेला. पण काका, मला नाही जमणार."

"मंग थोरली कशासाठी गेली, काय सांगू तिला?"

तिने हातमोजे चढवले. क्लेमेंटने गुडघे टेकून थोरलीचा मागचा पाय उचलून धरला. काम होईपर्यंत त्याने तो सोडला नाही. नंतर तो हलकेच खाली ठेवला आणि त्यावर गोणपाट ओढले. डबीचे झाकण स्वप्नाला लागेना. तेव्हा त्याने डबी तिच्याकडून घेऊन झाकण घट्ट बसवले.

ती पिल्लांजवळ थांबते म्हणत होती. त्याने ऐकले नाही. "बरफ इतलला तर सगलंच फुकट जाईल. जा तू."

त्याने हातपाय धुतले, अंगात स्वच्छ शर्ट घातला आणि पेटी दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे चालू लागला. आळीच्या तोंडाशी फेबियन दात घाशीत उभा होता.

"काय क्लेमेंट, चाललं काय पार्सल?"

"व्हय, चाललं," क्लेमेंट म्हणाला, आणि पावले न थांबवता पुढे गेला. मागून येणाऱ्या स्वप्नाचा चेहरा पाहून फेबियनने तोंडातला ब्रश काढला. 

क्लेमेंटने पेटी रिक्षाच्या सीटवर ठेवली. "खड्डे बगून ने," त्याने रिक्षावाल्याला बजावले. रिक्षा दिसेनाशी झाली तरी तो थोडा वेळ तिथेच उभा होता.

परत आला तेव्हा प्रिस्का ओसरीवर पिल्लांमध्ये बसली होती. पुढ्यात गाईच्या कोमट दुधाचे भांडे होते.

"बाकीची घेतात थोडं थोडं," ती म्हणाली. "हे एक तोंडच उघडत नाय."

क्लेमेंट तिच्याशेजारी बसला. ते पिल्लू त्याने शर्टाच्या आत, छातीशी घेतले. करंगळी दुधात बुडवून त्याच्या ओठांशी धरली. दूध कोपराकडे ओघळले. त्याने करंगळी पुन्हा बुडवली, पुन्हा धरली. ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीवर चढले, तरी त्याचा हात तसाच धरलेला होता.