काठी वाजली नाही तेव्हा

म्हातारे लेखक डोळे मिटून गोष्ट ऐकायचे आणि एखादं वाक्य खोटं वाटलं की काठी फरशीवर आपटायचे. काठी वाजली की वाचन तिथेच थांबवून गोष्ट घरी न्यायची आणि पुन्हा लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्याकडे लिहायला शिकणाऱ्या मुलीच्या आजवरच्या सगळ्या गोष्टी पहिल्याच पानावर अडल्या होत्या. "आज वाजली तर मी लिहिणंच सोडणार," असं तिनं जिन्यातच आईला बजावलं होतं.

आई दाराजवळच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसली. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तरी काठी गप्प. तिला हायसं वाटलं न वाटलं तोच म्हाताऱ्यांची मान छातीवर कललेली दिसली. झोपले की काय? पोरीच्या लक्षात आलं तर संपलंच सगळं! तिनं घसा खाकरला. मग चांगली मोठ्यानं खोकली.

"ताई," लेखक डोळे न उघडता म्हणाले, "खोकायचं तर बाहेर जाऊन खोका. इथे पोरगी वाचतेय."

आईनं तोंडाला रुमाल लावला. लेक हसू दाबत शेवटपर्यंत वाचत गेली.

गोष्ट संपल्यावर लेखक म्हणाले, "यातली आई जरा अतीच काळजी करते."

"ती तशीच आहे, सर."

"ऐकलं की मी आत्ता! मग राहू दे तशीच. बुधवारी पुढची गोष्ट आण."

लेक दोन-दोन पायऱ्या उतरत पुढची गोष्ट सांगत सुटली. "अगं हळू, पडशील!" म्हणत आई तिच्यामागे धावली.